कुंपणाची चांगली बाजू

डेटन, ओहायो
५ मे १९९६

चि. व्हर्जिल यास,
अ. उ. आ.

तुझ्या डुकरांच्या पिल्लांची खुशाली कळली. आमच्याकडे खुशाली नाही. ऑरिननं वारण्याआधीच्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं उभं केलेलं लाकडी कुंपण मला गुरुवारी पाडावं लागलं. शेजारचा ग्लेन हॉल्ट्झ यंदा वसाहतीच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि पहिल्याच बैठकीत त्यानं नियम करून घेतला, की रस्त्यावरून दिसेल असं कुंपण कुणाचंच नको. अख्ख्या गल्लीत कुंपण होतं फक्त माझं.

तुझ्या मेहुण्याचा, ऑरिनचा भलेपणा आठव. फळ्यांची गुळगुळीत बाजू शेजाऱ्याला द्यायची रीत, म्हणून चांगली बाजू त्यानं ग्लेनकडे केली आणि आपल्याकडे खांब नि खिळे ठेवले. त्याच ग्लेननं पाडायच्या दिवशी कॉफीचा मग हातात घेऊन देखरेख केली.

दुसऱ्याच दिवशी ऑरिनचा कुत्रा मोझी रस्त्यावर सापडला. ऑरिनच्या मागे या घरात माझ्याशी बोलणारं, भुंकून का होईना, तेवढं एकच माणूस उरलंय. समितीची चिठ्ठी आली, की कुत्रा पुन्हा हद्दीबाहेर दिसला तर त्याला वसाहतीतून हलवावं लागेल. खाली सही ग्लेनची. म्हणून आता न दिसणारं विजेचं कुंपण घ्यायचं आहे. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एकात घरात नुसता डबा ठेवायचा, त्याच्याभोवती गोल हद्द होते. दुसऱ्यात जमिनीखाली तार पुरून हवी तशी वळवायची. दोन्हींत कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो. हद्दीजवळ गेला की तो आधी वाजतो, तरी पुढे गेला की झटका. तू जन्मभर गुरांना विजेची तार लावतोस, तूच सांग कुठलं घेऊ.

ग्लेनला मी सोडणार नाही, एवढं मात्र ठरलंय.

तुझ्यावर आहे तेवढा लोभ शेजाऱ्यावर नाही, हे जाणून असावे.
तुझी ताई, मार्लीन


ग्रिनेल, आयोवा
१४ मे

ती. मार्लीनताईस,
सा. न. वि. वि.

डबा घे. तार म्हणजे सगळं अंगण उकरणं आलं. आणि एक लक्षात ठेव, हे कुंपण आतल्याला आत ठेवतं, बाहेरच्याला अडवत नाही. डुकराला पलीकडे मका दिसला की ते किंचाळत तारेतून जातं. परत येताना मात्र त्याला तार आठवते. तुझा मोझी तर जातीचा शिकारी. त्याच्या नाकासमोर काही येऊ देऊ नकोस.

डोना म्हणते, वन्संना सांगा, रागाच्या भरात मापं घेऊ नका. मी म्हटलं, काही उपयोग नाही. चिडली की ती सायकलींची हवा सोडते, हे मी लहानपणी भोगलंय.

आमच्यावरचा लोभ ग्लेनपायी कमी होऊ नये.
तुझा, व्हर्जिल


३० जून

चि. व्हर्जिल यास,
अ. उ. आ.

तारच घेतली. डब्याची गोल हद्द ग्लेनच्या वाफ्यांना टेकत होती, म्हणजे मोझी तिथवर पहारा करणार. इतकी वर्षं ओढ्याकडची हरणं ग्लेनच्या बागेत शिरली नाहीत, ती मोझी कुंपणालगत भुंकत धावायचा म्हणून. ग्लेनला वाटायचं, आपण झाडांना उग्र वासाच्या साबणाच्या वड्या टांगतो म्हणून. तेव्हा त्या बाजूला मी तार हद्दीपासून चांगली पंधरा फूट आत घेतली. ओढ्यापासून थेट ग्लेनच्या लाडक्या होस्टाच्या झुडपांपर्यंत हरणांना राजमार्ग झाला. ती रुंद पानं हरणांना म्हणजे तुझ्या डुकरांना मका.

तारेवर छोटी पांढरी निशाणं लावून मोझीला हद्द शिकवली. तो शहाणा, लगेच शिकला. हरणं त्याहून लवकर शिकली. ग्लेनच्या हिरवळीवर दर उन्हाळ्यात 'महिन्याची उत्तम बाग' अशी पाटी असते. यंदा वाफ्यात नुसती देठं उरली, आणि पाटी गेली कोपऱ्यावरच्या बाईंकडे. परवाच्या बैठकीत त्यानं स्वतःसाठी कुंपणाची परवानगी मागितली. मी हात वर करून विचारलं, की रस्त्यावरून दिसेल का. म्हणाला, थोडंसं दिसेल. मी म्हटलं, मग कसं चालेल. सगळे हसले. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

डोनाला माझी मापं कळव. लोभ आहेच.
मार्लीन


७ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कार्डावर मावेल एवढंच विचारतो. ती हरणं मोझीला दिसतात ना?

व्हर्जिल


२५ ऑगस्ट

चि. व्हर्जिल यास,
अ. उ. आ.

तुझं कार्ड मी हसून बाजूला टाकलं होतं. महिन्याभरापूर्वी, एका सकाळी, एक हरिणी पाडसाला घेऊन त्या पंधरा फुटी पट्टीतून निघाली. मोझीच्या गळ्यातला पट्टा वाजला, पण तो थांबला नाही. केकाटला आणि तारेपलीकडे गेला. हरणांना ओढ्यापार पिटाळून ग्लेनच्या वाफ्यात थरथरत बसला. मी हाका मारमारून थकले. तारेपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. समोर दारात ग्लेन उभा. मला कळून चुकलं, की मोझी आता जाणार, आणि त्याला घालवला तो ग्लेननं नाही, मी.

ग्लेन आला, मोझीला उचललं, पट्ट्याखाली बोटं घालून त्याला घट्ट धरलं आणि माझ्याकडे चालू लागला. तार ओलांडायच्या आधी पट्टा काढायचा असतो. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

झटका त्याच्या बोटांना बसला. असा ओरडला की समोरच्या घरातले बाहेर आले. पण मोझीला त्यानं सोडलं नाही. माझ्या हातात देऊन विचारलं, की ऑरिनच्या कुत्र्याच्या गळ्यात तुम्ही रोज हे बांधता का. त्या प्रश्नाबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तक्रार त्यानं केली नाही. हरणं कुणामुळे पळाली ते त्यानं पाहिलं होतं. पुढच्या बैठकीत स्वतःच उठून म्हणाला, की नियम रद्द करा आणि मार्लीनचं कुंपण परत उभं राहू द्या. मी म्हटलं, राहू द्या, पण खांबांचे खड्डे ग्लेननं खणायचे आणि चांगली बाजू माझ्याकडे. तो लाल झाला. असं उलटं कुंपण गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. होस्टांसाठी कबूल झाला.

ऑगस्टच्या उन्हात, आमच्या चिकणमातीत, तो आठवडाभर खणत होता. मी व्हरांड्यात बर्फ घातलेला चहा पीत बसले. त्याला विचारला नाही. ऑरिननं विचारला असता. ऑरिननं चांगली बाजूही त्यालाच दिली असती.

काल कुंपण पुरं झालं. पट्टा मी कचऱ्यात टाकला. मोझी आत्ता गुळगुळीत फळ्यांना पाठ लावून झोपलाय. पलीकडे ग्लेन खांब नि खिळे बघत कॉफी पितोय.

तुझ्या सायकलीची हवा मीच सोडली होती, आणि तेव्हाही कारण होतं. तरी लोभ ठेवावा.
तुझी ताई, मार्लीन