गिरणीवाल्यांचा जबडा

मंगळवार, ९ तारीख
दातांच्या लॅबमध्ये, प्लास्टर वाळेपर्यंत

लाडके ठमे,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक चापटी. चार पानं पत्र लिहिलंस आणि स्वतःबद्दल शेवटी फक्त "मी बरी आहे"? असं कोण लिहितं? बरं, फोनवर तुला मोकळं बोलता येत नाही हे पटलं. घरात एवढे कान असल्यावर पत्रच बरं. शिवाय तुझं अक्षर बघून मला तुझा मूड कळतो. या वेळी काना-मात्रे धावत सुटलेत.

तुझ्या घरची हकिगत वाचून आधी हसू आलं, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं. तुझ्या सासूबाई आणि त्यांचे चिरंजीव एकाच खोलीत बसतात, एकमेकांशी अबोला धरतात आणि "तिला सांग", "त्याला सांग" करत तुझ्यामार्फत भांडतात. मधे तू शिलाई मशीनवर. त्या गडबडीत कुणाच्या तरी कोटाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्यास! गिऱ्हाइकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला गं. आणि मग तू विचारतेस, "ताई, तुझ्या घरी तर माझ्यापेक्षा मोठं संकट. तरी तुझं काम कसं होतं? मलाही शिकव."

तर ऐक, पोरी. माझी पद्धत सोपी आहे. लॅबच्या दारात चपला काढते तिथेच घर काढून ठेवते. काळजी करायला रस्ता दिलाय: बसमधून उतरल्यापासून लॅबच्या जिन्यापर्यंत पोटभर काळजी करायची, जिन्यावर पाय ठेवला की बंद. आणि सगळ्यात किचकट काम सकाळी पहिलं घ्यायचं. समोर एखादी पूर्ण कवळी असली, की एकेक दात मेणात बसवताना दुसरं काही सुचतच नाही. एक दात केसभर पुढे आला तर माणूस चिडलेला दिसतो, केसभर मागे गेला तर म्हातारा दिसतो. या केसभराच्या भानगडीत दिवस जातो.

पण खरं सांगू का, हे सगळं मी तुला मोठ्या बहिणीच्या थाटात सांगतेय, आणि आतून मलाच नवल वाटतंय. उन्हाळ्यापासून माझं एकही काम परत आलेलं नाही. पूर्वी कसं, "इथे टोचतंय, तिथे उंच झालंय" म्हणून डॉक्टरांकडून काही ना काही परत यायचंच. आता नाव नाही. मालक परवा म्हणाले, "बाई, तुम्हाला झालंय तरी काय? हाताला परीस लागलाय का?" घरात एवढं सगळं चाललेलं असताना हात इतका स्थिर कसा राहतो? बिघडायला हवं होतं ना? मी स्वतःवर पाळत ठेवून आहे, कारण सापडलं की कळवते.

तुझे भाऊजी बरे आहेत. घरीच असतात. चौकशी समितीचा निर्णय येईपर्यंत पोहण्याच्या तलावावर पाऊल ठेवायचं नाही असं त्यांना सांगितलंय, आणि निर्णय काही येत नाही. उन्हाळ्यात त्यांच्या पोहण्याच्या वर्गात बुडता बुडता वाचलेली ती मुलगी ठणठणीत आहे, पुन्हा पोहायलाही लागली म्हणे. त्यांनीच तिला पाण्यातून बाहेर काढलं हे सगळ्यांना माहीत आहे, पण वेळेवर लक्ष होतं का, हा प्रश्न आहे. असो. घरात अगदी शांत असतात. माझा डबासुद्धा भरून ठेवतात. त्यांचा काही त्रास नाही.

आता गंमत सांगते. आमच्याकडे ठसे येतात ते नंबर घालून. नाव नाही, गाव नाही, फक्त प्लास्टरचा जबडा. आम्ही माणसं बघत नाही, साचे बघतो. पण साचा चुगलखोर असतो. डावीकडून चावणारा, नखं खाणारा, ओठांत सुई धरणारी (ती सवय सोड, तुझ्या पुढच्या दाताला खाच पडलेली असणार), सगळे कळतात. गेल्या आठवड्यात एक जबडा आला आणि आम्ही काम सोडून त्याच्याभोवती जमलो. दाढांचे उंचवटे घासून सपाट, जात्यात दळल्यासारखे. सुळ्यांची टोकं गायब. झोपेत रात्रभर दात खाणारा माणूस! मी त्याचं नाव ठेवलं गिरणीवाले.

कोण असतील गं हे गिरणीवाले? मी म्हटलं, न्यायाधीश असणार, दिवसभर दोन्ही बाजू मुकाट्याने ऐकायच्या. पॉलिश करणाऱ्या काकू म्हणाल्या, "छे, नाटकातला प्रॉम्प्टर असेल. सगळे संवाद पाठ, पण मोठ्याने एकही बोलायचा नाही." काकूंचं मला जास्त पटलं. काहीतरी बोलायचं राहून गेलेला माणूस आहे, एवढं नक्की. बाकी दात देखणे. खालच्या रांगेत एक दात तिरका होऊन शेजारच्याच्या खांद्यावर रेललाय, बसमध्ये झोप लागलेल्या प्रवाशासारखा. मला उगीच माया वाटली. रात्री दातांवर घालायचं पारदर्शक कव्हर करायचं होतं, ते इतकं मन लावून केलं की काकू म्हणाल्या, "पोराचं बारसं असल्यासारखी काय नटवतेस त्याला!"

चल, प्लास्टर वाळलं. कोटाची ती बाही उसवताना कापड ओढू नकोस.

तुझी,
चपलांशेजारी घर ठेवणारी ताई


सोमवार, २९ तारीख
घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर

ठमे,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी सगळं लिहून टाकते, नाहीतर पुन्हा इकडचं तिकडचं लिहीत बसेन.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज एक ओळ लिहिलीस: "तुझ्या त्या गिरणीवाल्यांसारखाच आपल्या भाऊजींचा एक दात रेललेला आहे ना? लग्नाच्या फोटोत आधी तोच दिसतो." वाचून मी मोठ्याने हसले. म्हटलं, जगात तिरके दात काय थोडे आहेत! आणि मग माझं हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण तुझं म्हणणं बरोबर की चूक हे मला सांगता येईना. त्याचा तो दात उजवीकडचा की डावीकडचा? आठवेना. ज्या बाईला शहरातले निम्मे जबडे पाठ आहेत तिला नवऱ्याचे दात आठवेनात!

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या फळीवरून तो साचा काढून नीट बघून ठेवला. आता फक्त त्याच्या तोंडात डोकवायचं बाकी होतं. सोपं वाटतं ना? मी जंग जंग पछाडलं. चहा पिताना समोर बसले, तर कप तोंडावरून हलेना. मग तो एके काळी ज्यावर पोट धरून हसायचा तो दाढदुखीचा विनोद सांगितला. "हं," म्हणाला, ओठ मिटूनच. मी म्हटलं, माझा घसा बघ बरं, लाल झालाय का, आणि हे बघ, असा आ करायचा, करून दाखव. त्याने माझ्या डोक्यावर परिणाम झाल्यासारखं माझ्याकडे बघितलं. शेवटी मक्याची कणसं आणून उकडली. कणीस खाताना कुणाचे दात लपत नाहीत! तर या माणसाने सुरी घेतली, दाणे काढून वाटीत भरले आणि चमच्याने खाल्ले.

तोपर्यंत मला हे सगळं खेळासारखं वाटत होतं. त्या वाटीकडे बघताना माझ्या ध्यानात आलं, की मला त्याचे दात दिसत नाहीत कारण तो उन्हाळ्यापासून हसलेलाच नाही. बोलतो तेही ओठांच्या फटीतून, "हो", "नको", "डबा भरलाय". आणि मी ते कधी टिपलंच नव्हतं. घर शांत आहे एवढंच बघितलं, आणि मला ते सोयीचं होतं. मागच्या पत्रात "त्यांचा काही त्रास नाही" असं लिहून मोकळी झाले होते बघ.

रविवारी सकाळी न्हाणीघरातला आरसा पुसत होते. त्याच्या दाढीच्या ब्रशमागे एक पेला होता, वर झाकण. उघडून बघितलं. पाण्यात ते पारदर्शक कव्हर होतं. मागची कड गोल वळवलेली. बाकीचे सरळ कापतात, गालाला टोचू नये म्हणून अशी वळवून मीच घेते. माझ्या हातचं काम माझ्याच न्हाणीघरात, माझ्यापासून लपवून ठेवलेलं!

मला राग आला, रडू आलं, आणि खरं सांगते ठमे, त्याच वेळी हेही मनात आलं की कव्हरची डावी बाजू एवढी ओरखडलेली का? नीट बसलेलं दिसत नाही. आपण बहिणी अशाच गं, घर जळत असलं तरी शिवण कुठे उसवली ते बघणार.

पेला घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. तो भांडी विसळत होता. मी टेबलावर पेला ठेवला आणि म्हटलं, "बस."

त्याने पेला बघितला. हात पुसले आणि बसला.

"माझ्याकडे का नाही आलास?"

"दुसऱ्या डॉक्टरकडे मुद्दाम गेलो होतो. लांबच्या. तो तुमच्याच लॅबला काम देतो हे मला कुठे माहीत!"

"पण का?"

"तुला दातांवरून सगळं कळतं म्हणून."

कळतं! आठवडाभर त्याचा जबडा हातात घेऊन मी न्यायाधीश की प्रॉम्प्टर यावर गप्पा मारत होते, आणि या भल्या माणसाला वाटत होतं की मला कळेल.

मग मी हातांना सुचतं ते केलं. पिशवीत घासायचं छोटं मशीन होतं आणि निळा कागद होता. हा पातळ कागद दातांत धरून चावला की जिथे जास्त दाब पडतो तिथे निळा ठिपका उमटतो, आणि तेवढीच जागा घासायची. हे काम डॉक्टरांचं. मी इतकी वर्षं या धंद्यात, पण जिवंत माणसाच्या तोंडात कधी हात घातला नव्हता.

"आ कर," म्हटलं. या वेळी त्याने केला.

डावीकडून तिसरा. रेललेला. कव्हर बसवलं आणि मधे निळा कागद धरला.

"चाव. सोड. आता पुन्हा. कुठे लागतंय?"

मी कव्हर काढलं, ठिपका घासला, पुन्हा बसवलं. "चाव. आता कुठे लागतंय?" मान हलवली, माहीत नाही. डॉक्टरांनी चाव्याचा ठसा घेतला तेव्हाही त्याने दात आवळूनच धरले असणार, म्हणून एवढ्या मेहनतीने केलेलं कव्हर चुकलं होतं. ते तसंच टोचत असताना तो रोज घालत होता. परत दाखवायला गेला नाही, कारण तिथे कुणीतरी चौकशी केली असती.

तिसऱ्यांदा विचारलं, "नीट सांग ना रे. कुठे लागतंय?"

"सगळीकडे," तो म्हणाला.

आणि मग ठमे, बांध फुटला. निळ्या दातांनी तो बोलत राहिला. एका मुलाच्या चष्म्याचा पट्टा तुटला होता, तो बांधून द्यायला त्याने पाण्याकडे पाठ केली. तेवढ्यात ती मुलगी खाली गेली. समिती विचारते, किती वेळ पाठ होती? तो म्हणतो, मला खरंच माहीत नाही, आणि हेच मला खातंय. निर्णय काहीही लागो, पुन्हा पाण्याकडे बघताना पाठीमागे काय चाललंय हेच मनात येणार. रडला. मीही रडले. मधेच मला त्याचे निळे दात बघून हसू फुटलं, त्याने चमच्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि तोही हसला. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा.

शेवटी मी विचारलं, "हे सगळं मला आधी का नाही सांगितलंस?"

तर म्हणतो, "तुझं काम इतकं छान चाललं होतं. संध्याकाळी येऊन सांगायचीस, आज पण काही परत नाही आलं. म्हटलं, घरात एकाचं तरी नीट चाललंय. मी तोंड उघडलं असतं तर तुझा हात हलला असता."

मिळालं ना उत्तर? मी स्वतःवर पाळत ठेवून शोधत होते, हात एवढा स्थिर कसा म्हणून. जिना नाही, चपला नाही, सकाळचं किचकट काम नाही. समोरचा माणूस दात आवळून बसला होता, म्हणून माझा हात स्थिर होता. आणि त्याच भांडवलावर मी तुला धडे देत होते.

तेव्हा मागच्या पत्रातलं काही मनावर घेऊ नकोस. किचकट काम सकाळी घ्यायचं तेवढं ठेव, ते खरंच बरं पडतं. पण घर दारात काढून ठेवता येत नाही गं. आपण आत जातो आणि ते बाहेर कुणाच्या तरी डोक्यावर बसतं.

आज माझं एक काम परत आलं. कवळी उजवीकडे उंच झाली होती, चूक सरळसरळ माझी. मालकांनी भुवई उंचावली. मी म्हटलं, "द्या, करते पुन्हा," आणि केलं. समितीचं पत्र अजून आलेलं नाही. ते आलं की आम्ही दोघांनी मिळून उघडायचं असं ठरलंय. तो आत्ता पलीकडे बसून मक्याचं कणीस खातोय, चमचा न घेता. मधे मधे "अजून किती लिहिणार?" म्हणून विचारतो, म्हणजे बोलायला लागलाय.

आता तुझं. घरचं विसरून काम कसं करायचं हे मला पुन्हा विचारू नकोस. सासूबाईंचे आणि नवऱ्याचे निरोप पोचवताना तुझे स्वतःचे दोन शब्द गेल्या महिन्यात कुणी ऐकले? "मी बरी आहे" हे मला चालणार नाही. मीही तेच लिहीत होते.

अनेक आशीर्वाद. पुढचं पत्र येईल तेव्हा त्यात एवढंच लिही, की तुला कुठे लागतंय.

वाट बघतेय,
तुझी ताई