दुबईच्या घरातलं दूध

९ डिसेंबर, मंगळवार. ठाकुर्ली

सुमाने आणि मी हौसेने घेतलेल्या दुबईच्या फ्लॅटवरून मॅनेजरचा मेसेज आला. चार दिवस भाड्याने राहिलेल्या पाहुण्यांनी दूध उतू जाऊ दिलं, शेगडी बरबटली, दंड लावू का?

नव्या घरात दूध उतू घालायला सुमाने पातेलं आणून ठेवलेलं. "पहिलं दूध आपलं, मग पाहुणे," म्हणायची. ताबा मिळायच्या आधीच ती गेली. एकटा कशाला जाऊ? घर परस्पर पाहुण्यांना दिलं. पातेलं इथेच, ओट्याखाली, कोरं.

दंड कसला लावतोस, बाबा! "नको" एवढंच कळवलं. तरी मेसेज पुन्हा उघडून वाचला.

सुमा, उतू गेलं गं दूध आपल्या घरात. पुसायलासुद्धा आपण नव्हतो.