वहिनींनी भरलेले डबे

११ ऑक्टोबर, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. छकुली पास झाली, तुमची कंबर आता कमी दुखते, वाचून बरं वाटलं. इकडे मी ठीक. लाँड्रीत चादरींचे ढीग वाढलेत, इस्त्रीच्या रोलरपाशी उभं राहून पाय भरून येतात. बाकी नवीन काही नाही.

अजून पथ्य पाळतेस का, म्हणून विचारलंत. पाळते. चारच्या सुट्टीत बाकीच्या बायका समोरच्या दुकानातून वेफर्स नि क्रीमची बिस्किटं आणतात. मी काकडी, गाजर, एखादं सफरचंद, नाहीतर मूठभर भाजलेले शेंगदाणे घेऊन बसते. कोल्ड्रिंक बंद. सुरुवातीला गाजर चावताना आपला घोडा झालाय असं वाटायचं, आता सवय झाली. एकूण नऊ किलो उतरले. मुकादमबाई म्हणतात, "अगं, पंख्याखाली उभी राहू नकोस, उडशील." सगळ्या हसतात. मीही हसते.

हे सांगायला मी पत्र लिहायला घेतलं नव्हतं, वहिनी. तीनदा कागद फाडलाय.

तुम्ही लिहिलंत, "तुझ्या दादांसाठी तू जिवाचं रान केलंस. शरीरानंच साथ दिली नाही, त्याला तू काय करणार?" ते वाक्य मला पुढे वाचू देईना.

जानेवारीत डॉक्टर काय म्हणाले होते, ते तुम्हाला पाठच असेल. दादाला माझ्या यकृताचा तुकडा चालेल, पण माझ्याच यकृतावर चरबी आहे. सात-आठ किलो उतरवा, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. त्याच दिवशी मी घरातली वेफर्स-बिस्किटांची सगळी पाकिटं कचऱ्यात टाकली. आणि तुम्ही, दादाचं अंथरूण-पांघरूण, औषधं, उलट्या सगळं सांभाळून, दर रविवारी माझ्यासाठी डबे भरून पाठवू लागलात. फळं, मोड आलेली कडधान्यं, दाणे. प्रत्येक डब्यावर वाराची चिठ्ठी. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो गेले. तेवढं खरं होतं.

मग हॉस्पिटलात ऑपरेशन समजावून सांगायला मला एकटीला बोलावलं. नर्स चांगली होती. कागदावर पोटाचं चित्र काढून तिनं कुठून कुठवर कापणार ते दाखवलं. म्हणाली, "धोका कमी असतो. पण नसतो असं नाही." मी मान डोलावली, सही केली. बाहेर आले. बसस्टॉपजवळच्या दुकानातून वेफर्सचं मोठं पाकीट घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या संपवलं.

दुसऱ्या दिवशीही घेतलं. मग रोज. चादरींच्या खोलीत दार लोटून खायचे. तुमचे डबे बायकांना वाटून टाकायचे. त्या म्हणायच्या, "तुझी वहिनी किती हौसेनं करते गं!" आणि तुम्ही फोनवर विचारलंत की मी सांगायची, हो, सगळं संपलं.

मोह आवरला नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तसं नव्हतं. त्या वेफर्सना मला चवसुद्धा लागत नव्हती. वजन उतरलं नाही तर मला टेबलावर कुणी झोपवणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणून खात होते.

मार्चमध्ये काटा जानेवारीपेक्षा दोन किलोंनी पुढे गेला. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही इकडेतिकडे?" तुम्ही शेजारी बसला होतात. माझ्याआधी तुम्हीच म्हणालात, "नाही हो, मी स्वतः डबे भरते."

त्या संध्याकाळी तुम्ही औषधं आणायला खाली गेलात तेव्हा दादानं मला जवळ बोलावलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. म्हणाला, "खरं सांग, भीती वाटली ना तुला?"

मी म्हटलं, "छे रे! काहीतरीच काय!"

तो म्हणाला, "बरं. पाणी दे." मी पाणी दिलं. हो म्हटलं असतं तर तो रागावला नसता, वहिनी. रागावायला नव्हतंच बोलावलं त्यानं. तीन आठवड्यांनी तो गेला.

पथ्य मी त्याच्या तेराव्या दिवसानंतर सुरू केलं. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. गेल्या मंगळवारी पुन्हा तपासून घेतलं. डॉक्टर नवे होते, त्यांनी जुनी फाईल उघडलीही नाही. रिपोर्ट बघून म्हणाले, "छान! आता तुम्ही देऊ शकता. पेशंट कोण आहे?"

मी उठून बाहेर आले.

दिवाणखान्यालगतची खोली माझ्यासाठी आवरून ठेवलीय, महिनाभर राहायला ये, असं तुम्ही लिहिलंत. हे वाचल्यावरही तसंच वाटलं तर कळवा. नाही कळवलंत तर मी समजून घेईन, पुन्हा विचारणार नाही. माफी मागत नाही, ती ज्याच्याकडे मागायची तो माणूस गेला. एकच मागणं आहे. आत्यानं बाबांसाठी किती केलं, असं तुम्ही छकुलीला सांगता. ते आता सांगू नका.

तुमचे रिकामे डबे सोबत पाठवतेय, घासून.

तुम्ही म्हणाल ती,
नणंद