बॅगेचे लिटर

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
निर्णय पक्का. उघडी गाडी घ्यायची. बटन दाबले की छप्पर मागे जाते ती. कन्व्हर्टिबल. अट एकच : गोल्फची बॅग आत बसली पाहिजे.

गोल्फ मी मोबाइलवर बघून स्वतः शिकलो, राइस मिलच्या धान वाळवायच्या ओट्यावर. गुरू केला नाही. गुरू अर्धे शिकवतो, उरलेले पुढच्या फीसाठी ठेवतो. अर्जुनीत गोल्फ खेळणारा मी एकटाच. म्हणजे तालुक्यात पहिला.

दुर्गेश्वरीला सांगितले. नवऱ्याचे अभिनंदन राहिले बाजूला, सीटा किती, हा पहिला प्रश्न. दोन, म्हणालो. ती म्हणाली, दोघांले दोन, बरोबर हाय. चोवीस तारखेले पंचवीस वर्षं होतात लग्नाले, बोदलकस्याच्या तलावाले घेऊन चला, नव्या नवतीत गेलो होतो तेवढंच. मी हो म्हणालो. फार लवकर खूश झाली. यामागे काय आहे ते बघणे.

६ नोव्हेंबर
नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडचा देवेंद्र. फोन. लाल गाडी, एकाच डॉक्टरने वापरलेली. डॉक्टर गाडी का विकतो? देवेंद्र म्हणाला, परदेशात चालले. कोणत्या देशात? कॅनडा म्हणायला त्याने वेळ घेतला. नोंद केली.

डिक्की किती लांब विचारले तर म्हणतो, दोनशे ऐंशी लिटर. डिक्कीत काय ताक ठेवायचे आहे? लांबी लपवायची असली की लोक लिटर सांगतात. पण मी राइस मिलवाला. मापात मला आजवर कोणी फसवलेले नाही.

७ नोव्हेंबर
बॅगेचे लिटर काढले. उसन्यासाठी, म्हणजे उकड्या तांदळासाठी, धान भिजवायचा हौद काठोकाठ भरून घेतला, काठ्यांसकट बॅग बुडवली, सांडलेले पाणी मोजले. पद्धत पूर्ण शास्त्रीय. मुकादम दुधराम म्हणाला, मालक, हिचा बी उसना करून राहिले का? हमाल हसले. कोण कोण हसले ते बघून ठेवले.

उत्तर : एकोणसत्तर लिटर. बॅगेत पाणी शिरू लागल्याने दुसऱ्यांदा मोजले नाही. गरजही नव्हती. म्हणजे अशा चार बॅगा बसतील. देवेंद्रला फोन करून आकडा ऐकवला. त्याने आकडा पुन्हा सांगायला लावला. पकडले गेल्यावर माणूस असाच वेळ काढतो.

९ नोव्हेंबर
बॅगेला उसन्याचा वास. ओट्यावर वाळत घातली. धान पुढच्या ओट्यावर हलवावे लागले.

दुर्गेश्वरी माहेरी, केशोरीला, फोनवर हळू आवाजात बोलते. मी जवळ गेलो की विचारते, भाजी कोणती करू? तिचा भाऊ उमेंद्र तिकडे भाजीचा धंदा करतो. त्याचा माझ्या गाडीवर डोळा आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मिरवायला मागेल. नियम : गाडी कोणाला द्यायची नाही. वरातीला तर नाहीच.

११ नोव्हेंबर
जुनी गाडी विकली. नवी पक्की असताना जुनी ठेवणे म्हणजे स्वतःच्या निर्णयावर संशय घेणे. संशय दुसऱ्यांवर घ्यावा.

सरावात चेंडू बोडीच्या पाण्यात. वारा होता.

१२ नोव्हेंबर
दुर्गेश्वरीने बोदलकस्यासाठी नवी साडी घेतली. लाल. गाडी लाल आहे हे तिला कोणी सांगितले? मी सांगितलेले नाही. सांगितले असेन तर सहज.

१६ नोव्हेंबर, दुपारी ४
देवेंद्र गाडी दाखवायला घेऊन आला. अर्धी अर्जुनी जमली. दुर्गेश्वरी लाल साडी नेसून आधीच सीटवर बसलेली. देवेंद्रने बटन दाबले. छप्पर घडी होऊन मागे गेले. टाळ्या. मी डिक्की उघडली. छप्पर डिक्कीतच.

हा डाव माझ्या लक्षात यायला अर्धा मिनिटही लागला नाही. छप्पर लावले तर बॅगेला जागा, पण मग उघडी गाडी कशाला? देवेंद्रने छप्पर लावून दाखवले. तरी बॅग बसेना, वीतभर बाहेर. दुधराम मोठ्याने म्हणाला, लिटरमदे तं बसत होती, मालक.

देवेंद्र म्हणाला, सर, सगळे गोल्फर बॅग बाजूच्या सीटवरच ठेवतात. सगळे, हा शब्द मला पटला. दुर्गेश्वरीला चाचणीपुरते उतरायला सांगितले. बॅग बसवली. वळणावर कलंडू नये म्हणून पट्टा लावला. देवेंद्रने बॅगेला रेल्वे फाटकापर्यंत फिरवून आणले, ती किती कलंडली ते मोजायला मी टेप घेऊन रस्त्यावर. बॅग जराही हलली नाही.

दुर्गेश्वरी म्हणाली, मी कोठं बसू? मी म्हणालो, नंतर बघू. ती म्हणाली, तिलेच घेऊन जा बोदलकस्याले, ती काही खायले बी मांगणार नाही. आत गेली.

१७ नोव्हेंबर
दुर्गेश्वरी सकाळच्या एसटीने केशोरीला. कारण सांगितले नाही. मंडई असावी.

१८ नोव्हेंबर
गाडी रद्द. डॉक्टर कॅनडाला का गेला ते आता समजले. त्यालाही बायको असणार.

२० नोव्हेंबर
केशोरीला फोन. उमेंद्र म्हणाला, ताई बांधीत धान कापाले गेली हाय. रात्री आठला? नोंद केली.

वरण स्वतः शिजवले, मोबाइलवर बघून. डाळ खराब निघाली.

२२ नोव्हेंबर
पुन्हा फोन. या वेळी तिच्या वहिनीने, चेतनाने, उचलला. ताई म्हणतात, लिटरमदे राग मोजून घ्या म्हणा. मागे हसण्याचे आवाज. किमान चौघे.

मी तिला आणायला जाणार नाही. चोवीसला केशोरीची हवा कशी आहे ते बघायला जाईन.

२४ नोव्हेंबर, रात्री ९
एसटीने केशोरी. बॅग सोबत घेतली, हमालांवर भरवसा नाही. पोचलो तर उमेंद्रची पिकअप दारात उभी. वाटेत तिरोड्याला वांगी उतरवून पुढे बोदलकस्याला जाणार होते. म्हणजे बेत आधीच शिजला होता. मला कोणी कळवले नाही. दुर्गेश्वरी म्हणाली, यायचं असल तं या.

केबिनमध्ये उमेंद्र, चेतना, दुर्गेश्वरी. मी मागे, क्रेटवर.

निरीक्षण : गाडी उघडी. छप्परच नाही, त्यामुळे ते डिक्कीत जाण्याचा प्रश्न नाही. बॅग लांबीत आडवी बसते, वर हातभर जागा उरते. अशीच गाडी मी शोधत होतो, हे कोणाला सांगणार नाही.

तिरोड्याच्या अलीकडे फाटक बंद. एक म्हातारी पिकअपजवळ आली. म्हणाली, काऊन भाऊ, वांगे कसे देले? मी सांगितले, मी विकणारा नव्हे, जवाई आहे. तिने बॅगेतल्या काठ्या बोटाने दाबून पाहिल्या. मंग ह्या मुनग्याच्या शेंगा तरी दे, म्हणाली, जून दिसतात, पण चालतील. गोल्फच्या काठीला शेवगा म्हणणारी ही पहिलीच.

केबिनच्या मागच्या काचेतून दुर्गेश्वरी दिसत होती. पदर तोंडाला लावून हसत होती, सोळा तारखेनंतर पहिल्यांदाच. कशाला हसत होती, कळले नाही. खाली उतरून विचारले तर पुन्हा हसली आणि केबिनमध्ये सरकून जागा केली. बोदलकस्यापर्यंत चौघे तसेच बसून गेलो. पाय आखडले.

यामागे काय आहे ते बघणे.