दिपाली कुठंच टेकली न्हाय

दिपाली,

चा झाकून ठेवलाय. मी पयल्या एष्टीनं पुण्याला चाललोय, घर घ्यायचं न्हाय म्हणून एजंटाला सांगायला.

तुझं विद्यापीठ जवळ पडावं, समद्यांनी एकत्र ऱ्हावं, म्हणून औंध, पाषाण, खडकी, तिन्हीकडची घरं दावली. मेंढरं होती तवा आबा म्हणायचे, ती आपणहून बसतील तितंच मुक्काम करायचा. म्हणून मी नळ, खिडक्या बघितल्याच न्हाईत, तुझ्याकडंच बघत हुतो. तू एकाही घरात टेकली न्हाईस. पाषाणला मालकिणीनं खुर्ची दिली, तर ती माझ्याकडं सारलीस.

आमच्यासंगं तुला ऱ्हायचं न्हाय, हे कळलं. हॉस्टेलातच ऱ्हा.

आईला काय बोलू नकोस. तिनं पाटा-वरवंटा पोत्यात बांधून ठेवलाय. मी आल्यावर सोडीन.

— तात्या