आबांचा पवित्रा आणि गेमचा दुसरा भाग

आबा, तुम्ही कसे आहात? खोकला थांबला का? तिकडं गिरणीचा कापूस उडत नसेल, म्हणजे थांबलाच असेल. आईचे गुडघे कसे आहेत? मांडी घालून बसता येतं का आता तिला? आत्याला ऐकू यायला लागलं, की अजून तुम्हालाच ओरडावं लागतं? धाकट्याला सारखा ताप यायचा, तो आता येत नसेल. आणि आपल्या शेळीलाही विचारलंय म्हणून सांगा. इकडं मी बरी आहे. सोलापूर आहे तसंच आहे, ऊन तेच, आणि नळाला पाणी आलं की बायका अजून हातातलं टाकून पळतात. फक्त तुमची तालीम राहिली नाही. तिथं आता जिम झालीय. पोरं आरशासमोर जागच्या जागी पळतात आणि कुठंच पोचत नाहीत.

लिहायला बसले ती रागानं. तुमची पणती, म्हणजे माझी नात, पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेम म्हणजे टीव्हीच्या आत चालणारी लढाई. आपल्या हातात बटणांचा एक ठोकळा देतात, तो दाबला की आतला माणूस हलतो. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तिनं मला पहिला भाग खेळायला शिकवला होता. मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. त्यातला गडी वेशीवरचा राखणदार होता, हातात साधी काठी. पळाला की त्याला धाप लागायची. दोघंतिघं अंगावर आले की मागं सरून पाठ भिंतीला लावायचा. मी म्हणायचे, "दम खा रे लेकरा, मग बघू त्यांच्याकडं." आता त्याचा दुसरा भाग यायचाय. दिवाळीत येणार म्हणे. त्यातला एक तुकडा नातीनं रविवारी आणून मला दाखवला, आणि माझं डोकं जे फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

आबा, त्या राखणदाराचा पार पोळ्याचा बैल केलाय! खांदे फुगवलेले, अंगावर झुली, वारा नसताना केस उडतायत. किल्ल्याच्या बुरुजावरून खाली उडी मारतो आणि उभा राहून मिशी पिळतो. माझा पाय न्हाणीघरात घसरून मोडला होता, त्याचं नखही मोडत नाही. दमणं म्हणून नाही. शत्रू पन्नास, पण एकावेळी एकच पुढं येतो, बाकीचे टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिल्यासारखे आपला नंबर कधी येतो ते बघत असतात. शत्रूचा सरदार तर मरायच्या आधी इतकं बोलतो की तेवढ्यात माझी आमटी उतू गेली. नुसता बडा घर पोकळ वासा.

तेही मी गिळलं असतं. पण त्याच्या हातात काठी नाही, दोन्ही हातांत दांडपट्टे दिलेत. आणि तो पट्टा मनगटातून फिरवतो! पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडात जातो, तिथं मनगट वळणार कुठून? आणि खाली पाय तर नाहीतच. म्हणजे आहेत, पण तेलावर सोडल्यासारखे घसरतात.

मी म्हटलं, "अगं, हा पट्टा खेळतोय का माश्या वारतोय?"

"आज्जी, लई खवचट हाईस तू."

"खवचट न्हाय, खरं बोलते. ह्याला आबांनी चाळीच्या पायरीवर बसवून ठेवला असता. म्हणले असते, हात काय, भाकरी थापतानाबी हलत्यात. आदी पाय दाखव."

नात हसली नाही. ठोकळा बाजूला ठेवून म्हणाली, "म्हणूनच आलेय की. आमच्यातल्या कुणी पट्टा हातात घातलेलाच नाही. तू चल पुण्याला. अंगाला खुणा चिकटवून कॅमेऱ्यासमोर खेळ. तुझे पाय उचलून आम्ही त्याला लावू."

"आबांचा पवित्रा? ह्या माकडाला?"

"मग कुणाला देणारैस? बरोबर घेऊन जाणार का वर?"

आबा, तालमीत मुलींना मज्जाव होता, म्हणून तुम्ही मला चाळीच्या मागच्या अंगणात शिकवायचात. गिरणीचा भोंगा होऊन गेलेला, तुमच्या बाहीला अजून कापूस. चुलीतली राख घेऊन तुम्ही जमिनीवर पवित्र्याची पावलं काढताय, उजवं, डावं, उजवं, आणि मी त्यावर पाय ठेवत जातेय. हातात काही नाही, नुसते पाय. चुकलं की तुम्ही मारत नाही, नुसतं "हं" म्हणता, आणि ते "हं" माराहून जड. सकाळी आई सगळं अंगण झाडून टाकते. संध्याकाळी तुम्ही परत काढता. वर्षानं जेव्हा पहिल्यांदा पट्टा हातात घालू दिलात, तेव्हा खाली राख नव्हती. म्हणालात, "आता तुज्यात हाय ती."

तुमच्या हाताखालची सगळी पोरं गेली. माझ्या लेकानं काठीलाही कधी हात लावला नाही, आणि मी त्याच्या मागं लागले नाही. म्हणजे उरले मी. मी नाही म्हटलं तर पवित्रा स्वच्छ राहील आणि माझ्याबरोबर जळेल. हो म्हटलं तर या फुगलेल्या बैलाच्या पायांत राहील, आणि कुठल्या कुठल्या गावची लेकरं ठोकळा दाबून तुमच्या पावलांनी चालतील. गेम भिकारच आहे, ते मी नातीच्या तोंडावर सांगितलं. मनगट बांधाल, धाप परत द्याल, तरच येते, असंही सांगितलं. मनगटाला ती कबूल झाली. धापेचं साहेबांना विचारते म्हणाली. मी हो म्हटलं. शुक्रवारी गाडी येणार आहे.

हे पत्र टाकायला कुठं पेटी नाही, हे मला कळतं. म्हातारी झालेय, खुळी नाही. पण दुसऱ्या कुणाला विचारू? त्या दिवसापासून मी गच्चीवर पवित्रा करून बघतेय. गिरकीपर्यंत पाय आपोआप पडतात. गिरकी झाली की मी उभीच राहते. पुढं उजवा टाकायचा की डावा, ते मला आठवत नाही, आबा. दोन्ही करून बघितले. दोन्ही तुमचेच वाटतात. नातीला हे सांगितलेलं नाही, एवढी नावं ठेवल्यावर कोणत्या तोंडानं सांगू? तिथं मी जो पाय टाकीन, तो तुमचा म्हणून कायमचा राहील, आणि चुकलं तरी "हं" म्हणायला कुणी नसेल.

उजवा की डावा, एवढंच लिहा. बाकी सगळ्यांची खुशाली मागाहून कळवलीत तरी चालेल. पण हे शुक्रवारच्या आत लिहा.