लोखंड्याची कुस्ती

४ डिसेंबर २००६, सोमवार

आला, आला! लोखंड्या आला! माझ्या नातीनं, भूमिकानं, पुण्याहून मैत्रिणीच्या हाती धाडला — सीडीच्या चार चकत्या, वर पेनानं लिवलंय, "आज्जीसाठी. रडायचं न्हाय." रुबीना म्हणून ती मैत्रीण, तिच्याच कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या म्हणं. चांगली पोरगी. चहा प्याली, चार चकल्या खाल्ल्या.

लोखंड्या म्हंजे ते जपानी कार्टून. खरं नाव लांबलचक, माझ्या तोंडात कधी बसलंच न्हाय. नात चौथीत होती तवा दुपारी चारला केबलवर लागायचं, हिंदीतनं. पाच मजली बिल्डिंगीएवढी लोखंडाची माणसं — आणि करायची काय, तर कुस्ती! प्रत्येकाच्या पोटात एक पैलवान बसलेला. त्यानं आत हात उचलला की बाहेर लोखंडाचा हात उचलणार.

शालूनं, माझ्या सुनेनं, चकती लावून दिली आणि शाळेत शिकवायला गेली. जाताना, "आत्ती, बाहेरनं कुलूप लावते हां." रोज सांगती. मला जसं म्हाईतच न्हाय!

५ डिसेंबर, मंगळवार

दोन भाग बघितले. काय ते चित्र, अगं बाई! तवा डोळं फाडून बघत होतो, आता बघते तर सगळं स्वस्तातलं. मूठ आवळायचं चित्र एकच — दर भागात तेच, तोच अंगठा, तीच ठिणगी. आभाळ कायम गुलाबी. तोंड मिटलं तरी बोलणं चालूच. आणि डाव टाकायच्या आधी डावाचं नाव बोंबलून सांगायचं! अरे बाबा, सांगून कोण डाव टाकतं? आप्पांनी तालमीतनं हाकलला असता.

आप्पा म्हंजे माझं वडील, बसलिंगाप्पा. गडहिंग्लजला वस्ताद होते. पोरींनी तालमीत पाय टाकायचा न्हाय. मागच्या भिंतीची एक वीट निखळलेली, तिथनं मी बघायची. ढाक, कलाजंग, धोबीपछाड — सगळं त्या विटेएवढ्या भोकातनं शिकले. शाळा चौथीतनं सुटली, हे सुटलं न्हाय. म्हणून तर लोखंड्या आवडला. घरात, चटईवर, पाय पसरून, कुणी हाकलणारं न्हाय — अशी कुस्ती मी साठीला आल्यावर पहिल्यांदा बघितली!

भिकार हाय. पण हसता हसता डोळ्याला पाणी आलं. भूमीनं लिवलंच होतं.

८ डिसेंबर, शुक्रवार

लाईट न्हाय. लोखंड्या न्हाय. खालची रोशनबी बिल्डिंगीच्या दारात मशीन घेऊन शिवत बसती, ती ओरडली, "अक्काताई, या की खाली! काय ऊन पडलंय!" मी गॅलरीतनं म्हटलं, "कुलूप फोडा, येते." लई हसली. मधी बेचाळीस पायऱ्या.

११ डिसेंबर, सोमवार

एकदा नीट लिवून टाकते. श्रावणात न्हाणीत पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, आजी, चालायला पाहिजे, जिना उतरायला पाहिजे. दसऱ्याला मी एकटीच निघाले. दुसऱ्या मजल्यावर पाय असा काय थरथरला, तिथंच पायरीवर बसले. खाली जाईना, वर येईना. तासभर. माझा ल्योक बसू, गुळाच्या पेठेत कामाला असतो, तो धावत आला, उचलून वर आणलं. दुसऱ्या दिवशी कुलूप. "अव्वा, परत पडलीस तर मी काय करू, सांग?"

त्याचं खोटं न्हाय. पण तीन खोल्या हो! आणि खिडकीतनं समोरच्यांची पाण्याची टाकी. तिच्यावरची कावळ्याची जोडी मला आता वळखती. लोखंड्याच्या पोटातल्या माणसासारखं झालंय — आत मी हात हलवते, पाय हलवते, बाहेर काय हलतच न्हाय.

१३ डिसेंबर, बुधवार

आज हसून हसून खोकला लागला. लोखंड्या पाठीवर पडला, दोन्ही खांदे जमिनीला — आणि मला ते जुनं भांडण आठवलं. तवा असाच पडला आणि मी उठून टीव्ही बंद केला. झाली कुस्ती! पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आज्जी, अजून हाय की!" म्हटलं, "चीत झाला, आता काय बघायचं? भाकरी खा." असं मी तीन आठवडे केलं. पडला की बंद, पडला की बंद. आम्ही वस्तादाच्या घरातली माणसं, पाठ टेकल्यावर बघत कोण बसतंय? शेवटी कार्टीनं मला धरून ठेवली, दोन्ही हातांनी. तवा बघितलं — उठतोय की गडी! मला रागच आला. ही कसली कुस्ती, पंच न्हाय, काय न्हाय!

संध्याकाळी फोनवर भूमीला सांगितलं. ती हसली. मग म्हणती, "आज्जी, तू श्रावणापासनं टीव्ही बंद करूनच बसलीयास."

आगाऊ! म्हटलं, दूध उतू चाललंय. फोन ठेवला. दूध-बिध काय नव्हतं.

१४ डिसेंबर, गुरुवार

तिचं बोलणं डोक्यातनं जाईना. चकती लावली न्हाय.

१८ डिसेंबर, सोमवार

सैपाकघर ते गॅलरी चौदा पावलं. तीन खेपा म्हंजे बेचाळीस. चार दिवस झालं, शालू गेली की सुरू. काठी टेकायची, पाय उचलायचा आणि ओरडायचं — "ढाक!" दुसरा पाय — "कलाजंग!" खरं सांगते, ओरडलं की पाय हलका उचलतो. जपानी लोक काय येडे न्हाईत!

खालनं रोशनबी, "अक्काताई! कुणाला हाणताय?"

"माझ्याच पायाला!"

२० डिसेंबर, बुधवार

पकडले गेले. बसू जेवायला लवकर आला. मी "धोबीपछाड" म्हणून वळते तर दारात हा, हातात कुलूप. 

"अव्वा, हे काय चालवलंयस?"

"कुस्ती."

"कवापासनं?"

"झाला आठवडा."

खुर्चीत बसला. माझ्या पायाकडं बघायला लागला. म्हटलं आता गॅलरीला पण कुलूप! तर म्हणतो कसा, "परत चालून दाखव." दाखवलं. न ओरडता. लाज वाटली ना!

२१ डिसेंबर, गुरुवार

किल्ली दिली! सकाळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आजपासनं कुलूप न्हाय. हळू जा, कठडा धर. माझी वाट बघू नको, तूच जाऊन ये." शालू म्हणाली, "आत्ती, चपला दारात ठेवल्यात." मी काठीसकट नाचले! ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं. रोशनबीला सांगितलं, चहा टाका, आले!

२९ डिसेंबर, शुक्रवार

आठ दिवस झाले. दार मी अजून उघडलेलं न्हाय.

रोज इरकल नेसते, चपला घालते, कडीला हात लावते. ती दुसऱ्या मजल्यावरची पायरी आठवती, मग बसते. बसू घरी आला की विचारतो, "अव्वा, गेलतीस खाली?" मी म्हणते, "गेलते की! लई झकास ऊन." त्याचं तोंड असं फुलतं की पुढं सांगवत न्हाय.

रोशनबीला गॅलरीतनंच सांगून ठेवलंय — त्यानं विचारलं तर व्हय म्हणा. तिनं मान हलवली. हसली न्हाय.